नळी कुठं चांगली मिळते?

नमस्कार श्रोतेहो.

इंदूरच्या खाण्याचा विषय निघाला की पोहे-जिलबी, सराफा बाजारातला भुट्ट्याचा कीस आणि थंडीतले तळलेले गराडू कंद यांच्यापुढे बोलणं सरकत नाही. पण मटण आवडीनं खाणारी मराठी घरं या शहरात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यात नळी चोखून खाणारे तर खास असतात. त्यांचा प्रश्न एकच असतो: नळी चांगली कुठं मिळते?

आज मी हॉटेलांची नावं सांगणार नाही. नळी पाटीवरच्या नावावर चालत नाही. आचारी सोडून गेला, हाडं पुरवणारा खाटीक बदलला, की त्याच पाटीखाली दुसरीच नळी ताटात येते. नाव विचारून गेलेला माणूस म्हणूनच निम्म्या वेळा फसतो. हाड, आच आणि वेळ या तिन्हींची चौकशी करून गेलेला सहसा फसत नाही.

आधी हिशेब पाहू, कारण बरंच काही हिशेबातच कळतं. बोकडाच्या चार पायांत मगजाची, म्हणजे आत मऊ गर असलेली, मोठी हाडं असतात आठ. पुढच्या प्रत्येक पायात दोन, मागच्या प्रत्येक पायात दोन. त्यातही हॉटेलवाला ज्याला नल्ली म्हणतो ती बहुतेक मागच्या पायाची: मांडीचं हाड आणि त्याखालची पोटरीची नळी. म्हणजे एका बोकडाच्या चार, फार तर आठ नळ्या. एका प्लेटला दोन नळ्या धरा. रोज चाळीस प्लेटी विकायच्या तर ऐंशी नळ्या, म्हणजे दहा ते वीस बोकडांची हाडं रोज ताजी लागतात. म्हणून ज्या मध्यम हॉटेलात दुपारी बारापासून रात्री अकरापर्यंत, आठवड्याचे सातही दिवस, कधीही मागा, नल्ली तयार असते, तिथं हाडं फ्रीजरमधली असणार हे धरून चाला. आणि जिथं वेटर सांगतो, ‘नल्ली खतम हो गई, कल जल्दी आना,’ तिथं दुसऱ्या दिवशी लवकर जा.

फ्रीजरमधल्या नळीत बिघडतं काय? मगज म्हणजे बहुतांशी चरबी. चरबीला हवा लागली की ती खवट होते, आणि कापलेल्या हाडाचं तोंड उघडंच असतं. फार दिवस पडलेल्या नळीला जुन्या तेलाचा वास येतो. मसाला कितीही घाला, तो वास घशात राहतोच.

आता जनावराकडे वळू. मगज सगळा सारखा नसतो. करडाच्या हाडात तो लाल असतो, कारण तिथं रक्त तयार होण्याचं काम जोरात चाललेलं असतं. शिजल्यावर तो करडा-तपकिरी आणि दाणेदार होतो, चव रक्ताकडे झुकते. वय वाढतं तसतशी पायांच्या हाडांत चरबी भरत जाते, तीही खुराकडून वर. म्हणून पोटरीची नळी मांडीच्या हाडाच्या आधी पांढरी होते. शिवाय खालच्या हाडातली चरबी जात्याच मऊ असते, थंड झाली तरी लवकर थिजत नाही. ज्यांना अगदी लोण्यासारखा मगज हवा त्यांनी पोटरीची नळी मागावी. ज्यांना भरपूर हवा त्यांनी मांडीची. साफ केलेला बारा-पंधरा किलोचा बोकड नळीसाठी उत्तम. सात-आठ किलोच्या कोवळ्या बोकडाचं मटण लुसलुशीत लागतं, पण नळीत हाती काही येत नाही.

आणखी एक गोष्ट खाटीक आणि जनावरांचे डॉक्टर दोघंही जाणतात. जनावर उपाशी राहिलं, आजारी पडलं, की अंगावरची चरबी आधी जाते आणि मगजातली सगळ्यात शेवटी. म्हणून कच्ची नळी फोडल्यावर आत पाणचट, लालसर, थलथलीत मगज दिसला तर ते जनावर फार हलाखीत होतं असं समजावं. धडधाकट जनावराचा मगज घट्ट, दुधाळ, किंचित गुलाबी असतो. ही पारख दुकानात करता येते, हॉटेलात नाही. पण हॉटेलाला हाडं कोणत्या दुकानातून येतात हे विचारलं तर चांगला मालक लपवत नाही, उलट अभिमानानं सांगतो. मध्यप्रदेशात डिसेंबर 2023 पासून उघड्यावर मांस विकायला मनाई आहे, त्यामुळे टांगलेलं जनावर रस्त्यावरून दिसत नाही. दुकानात आत जाऊन पाहावं लागतं, आणि जावं.

खरा घोळ होतो तो शिजवताना, म्हणून इथं जरा रेंगाळू. मगजातली चरबी वितळायला मोठी आच लागत नाही. मांस मात्र हाडापासून सुटायला मंद आचेवर अडीच-तीन तास घेतं. म्हणजे मांस शिजेपर्यंत मगज आत टिकवून धरणं, हेच आचाऱ्याचं खरं काम. दोन्ही टोकांनी तोडलेली नळी खळखळत्या रश्श्यात टाकली की मगज वितळून बाहेर येतो, तवंगात मिसळतो, आणि ताटात पोकळ हाड येतं. गिऱ्हाईक चमचा घालून शोधत बसतं.

जाणता आचारी तीनपैकी एक तरी युक्ती करतो. पहिली: नळी एकाच टोकाला तोडायची, दुसऱ्या टोकाची गाठ शाबूत ठेवायची, म्हणजे ते बूच आपोआप राहतं. दुसरी: उघड्या तोंडाला घट्ट भिजवलेल्या कणकेची गोळी दाबायची आणि वाढताना काढायची. तिसरी: नळ्या भांड्यात उभ्या रचायच्या, उघडं तोंड वर, आणि रस्सा नुसता हलत राहील इतकीच आच ठेवायची. काही ठिकाणी नळ्या वेगळ्या पाण्यात शिजवून गिऱ्हाईक आल्यावर रश्श्यात सोडतात. त्यात मगज वाचतो, पण नळीभोवतीच्या मांसात मसाला मुरत नाही. पाणी खारवलेलं नसेल तर ते मांस अळणीच लागतं.

कुकरचं सांगायलाच हवं, कारण घाईच्या हॉटेलात नळी कुकरमध्येच शिजते. शिजते लवकर, यात वाद नाही. पण शिट्टी उचलून वाफ एकदम सोडली की दाब झटकन उतरतो, हाडाच्या आतलं पाणी उसळतं आणि मगजाला बाहेर ढकलतं. कुकर आपोआप थंड होऊ दिला तर नुकसान बरंच कमी होतं. गर्दीच्या वेळी तेवढं थांबतो कोण?

तोडणीही पाहा. सत्तुराच्या एका घावात तुटलेल्या हाडाला कधी कधी उभी चीर जाते आणि बारीक कपच्या मगजात शिरतात. त्या दाताखाली येतात, घशात अडकू शकतात. करवतीनं कापलेल्या हाडाचं तोंड गुळगुळीत असतं, फक्त हाडाचा भुसा धुऊन काढलेला हवा. लहान मुलांना देताना मगज आधी ताटलीत काढून, बोटानं चाचपून, मगच द्या.

आता इंदूरचं वेळापत्रक. खजराना, आझाद नगर, बंबई बाजार, सदर बाजार या भागांत मटणाची जुनी खाणावळवजा हॉटेलं आहेत. नळीचा शोध तिथून सुरू करावा. रमजानमध्ये तिथलं सगळं घड्याळ फिरतं, दिवसभर शांत आणि इफ्तारनंतर पहाटेपर्यंत चुली पेटलेल्या. नळी ताजी मिळायची सर्वांत जास्त शक्यता तेव्हाच, कारण खप मोठा असतो आणि हाड शिळं व्हायला वेळच मिळत नाही. बकरी ईदच्या तीन दिवसांत मात्र खाटीक कुर्बानीच्या कामात असतात, हॉटेलात जाऊन फारसा उपयोग नाही.

एरवी रविवार उत्तम, मग बुधवार आणि शुक्रवार. महावीर जयंती, गांधी जयंती, पर्युषणातले ठरावीक दिवस, अशा वेळी महापालिका मांसविक्री बंद ठेवते. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणारी नळी बहुधा आधीची असते, संध्याकाळी जा. श्रावणाचा हिशेब इथं जरा वेगळा आहे. हिंदी भाषकांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि आपला त्यांच्यानंतर पंधरा दिवसांनी संपतो. म्हणजे खप दीड महिना मंदावलेला. या दीड महिन्यात मोठ्या, सगळ्या प्रकारचं जेवण देणाऱ्या हॉटेलात नळी मागवूच नये. खजराना, आझाद नगरसारख्या मोहल्ल्यांत त्याचा फारसा फरक पडत नाही.

निघण्याआधी फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा. एक: ‘भिया, नल्ली छोटे की है या बड़े की?’ छोटे म्हणजे बोकड, बडे म्हणजे म्हैसवर्ग. मेनूवर नुसतं नल्ली लिहिलेलं असतं, त्यामुळे विचारण्यात संकोच नको. समोरच्यालाही या प्रश्नाची सवय असते. दोन: भांडं किती वाजता उघडतं? उत्तर ठरलेलं आलं, ‘साडेसातला’ किंवा ‘एकला’, तर चांगली खूण. ‘कभी भी आ जाओ’ ही वाईट खूण. तीन: प्लेटला नळ्या किती, आणि जादा नळी वेगळी मिळते का? जादा नळी विकणाऱ्याकडे हाडं मोजून आलेली असतात.

ताट समोर आलं की घाई करू नका. पहिल्यांदा जाल तेव्हा चार प्लेटी एकदम सांगू नका, एक मागवा. नळीच्या उघड्या तोंडाकडे पाहा. मगज हाडाच्या कडेपर्यंत भरलेला, थोडा फुगून वर आलेला, फिका मोतिया रंगाचा असेल तर काम झालं. कडेपासून बोटभर आत गेला असेल तर आच जास्त झाली, पण आत अजून आहे. तोंडातून पलीकडचा उजेड दिसला तर हाड परत करा आणि का ते सांगा. गाठीकडून धरा, उघडं तोंड खाली, आणि पोळीवर किंवा खमिरी रोटीवर हलकेच ठोका. चांगला शिजलेला मगज दोन-तीन ठोक्यांत सबंध घसरून बाहेर येतो, हलतो पण मोडत नाही. नुसतं पिवळं तेल गळलं तर तो जास्त शिजला. ठोकूनही सुटत नाही आणि चमच्याच्या दांड्यानं काढल्यावर मधोमध लाल दिसतो, तर कच्चा. मगजात मीठ फारसं शिरत नाही, म्हणून तो नुसता कधीच पुरा लागत नाही. चिमटीभर मीठ, लिंबाचे दोन थेंब, आल्याचे बारीक काप आणि हिरवी मिरची हवीच. हे न मागता ताटाबरोबर येत असेल तर स्वयंपाकघरात जाणता माणूस आहे. नळी कोमट आली, वर पांढरा थर धरला, तर तशी खाऊ नका. बोकडाची चरबी टाळूला चिकटते आणि चवच कळत नाही. गरम करून मागा.

पाया, म्हणजे खुराजवळचे पाय, आणि नळी यांत गल्लत करून वाढणारेही भेटतात. पायाचा रस्सा ओठांना चिकटतो तो कातडी आणि स्नायुबंध विरघळल्यामुळे. मगजाशी त्याचा संबंध थोडा. पाया छानच असतो, पण नळीचे पैसे त्याला देऊ नयेत. नल्ली बिर्याणीत तर नळी बहुधा वेगळी शिजवून वर खोचलेली असते. ती दिसायला भारी, पण भातात तिचा रस उतरलेला नसतो.

मोठ्या हॉटेलात भट्टीत भाजलेली, उभी चिरलेली नळी हल्ली मेनूवर दिसते. हाडं भाजून देण्याचा प्रकार लंडनच्या सेंट जॉन या 1994 साली उघडलेल्या उपाहारगृहानं जगभर नेला. तिथं गोवंशाची जाड हाडं सव्वादोनशे अंशांच्या आसपास पंधरा-वीस मिनिटं भाजून, पार्सलीच्या कोशिंबिरीबरोबर आणि भाजलेल्या पावाबरोबर देतात. आपल्याकडे गोवंशवधाला बंदी, म्हणून तेच बोकडाच्या हाडावर करतात. त्यात मगज जेमतेम बोटाएवढा, तो दहा मिनिटांत आक्रसून सुकतो. इंदुरात नळी रश्श्यातलीच खावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईला जाणाऱ्यांसाठी एक सोय आहे. अवंतिका एक्स्प्रेस पहाटे मुंबई सेंट्रलला पोचवते आणि तिथून भेंडी बाजार, बोहरी मोहल्ला जवळच. तिथली बारा हंडी रात्रभर मंद आचेवर असते. नळी, पाया, शेपटीचं मांस असं वेगवेगळ्या हंड्यांतून हवं तसं एकत्र करून देतात. बऱ्याच ठिकाणी ती बडे की असते, तेव्हा विचारूनच बसा.

घरी न्यायची असेल तर नळी आणि रस्सा वेगवेगळ्या डब्यांत मागा. एकत्र हिंदकळत गेल्यावर मगज निम्मा रश्श्यात जातो. घरी रस्सा आधी गरम करा, मग नळ्या पातेल्यात तोंड वर करून उभ्या ठेवा, झाकण घाला आणि बारीक आचेवर आठ-दहा मिनिटं राहू द्या. मायक्रोवेव्हमध्ये मगज फुटून उडतो, म्हणून तिथं ठेवू नका. उरलेली नळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा.