जोड कुठे आहे, ते बघा

मंडळी, काल आपल्या नागपुरात मारबतीची मिरवणूक झाली. तुमच्यातल्या निम्म्यांचे आवाज बसलेत, म्हणजे तुम्ही इतवारीत होतात. बरंच झालं, आज मध्ये बोलणारे कमी.

काल बडग्यांकडे, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या पुतळ्यांकडे, नीट बघितलंत? बांबू, कागद, चिंध्या, कुणाचा तरी जुना शर्ट, आणि हे सगळं धरून ठेवणारी सुतळी. त्या सुतळीच्या गाठी लपवायच्या भानगडीत कुणी पडत नाही, कारण मिरवणूक संपली की जाळायचंच असतं. मी दरवर्षी त्या गाठीच बघतो. सापडलेल्या, रोजच्या वस्तूंतून केलेल्या शिल्पाबद्दल मला आज तिथूनच बोलायचंय.

निमंत्रणपत्रिकेवर ‘टाकाऊतून टिकाऊ’ असं छापलंय. हस्तकलेच्या तासाला ते ठीक आहे. तिथे बाटलीची फुलदाणी होते, एक उपयोग जातो आणि दुसरा येतो. शिल्पकार बरेचदा उलटं करतो, धडधाकट वस्तू निकामी करतो. मार्सेल द्युशाँनं 1913 मध्ये स्टुलावर सायकलचं चाक उलटं बसवलं. आता ते चाक कुठे जात नाही आणि स्टुलावर कुणाला बसता येत नाही. पुढे 1917 मध्ये त्यानं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मुतारीचं भांडं शिल्प म्हणून पाठवलं आणि ते नाकारलं गेलं. त्यावर लोक शंभर वर्षं भांडताहेत, मी तिथे थांबत नाही.

पोळा परवाच झाला, मग बैलाबद्दल बोलायला हवं की नाही? पिकासोनं 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल एकत्र जोडलं. सीट म्हणजे बैलाचं तोंड, हँडल म्हणजे शिंगं. दोनच वस्तू आणि एकच जोड. गंमत अशी की सायकल डोळ्यांपुढून जात नाही आणि बैलही जात नाही. आपल्या तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, लाकडी नंदीपाशी मला हीच मजा येते. पोराला खालची चाकं दिसत असतात, पण म्हणून नंदी खोटा होत नाही.

शिल्पकार सुबोध गुप्तांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 1964 सालचा जन्म, बिहारमधल्या खगौलचा. स्टीलच्या भांड्यांची प्रचंड मोठी कवटी त्यांनी 2006 मध्ये पॅरिसच्या एका चर्चपाशी मांडली. डबे, बादल्या, पातेली. डोळे दिपतात. पण मला त्यात एक खुपतं. आपल्या घरच्या भांड्यावर नाव घातलेलं असतं. ‘सप्रेम भेट’, खाली तारीख. ते हरवलं तर गल्लीतून परत येतं. जुन्या साड्या बोहारणीला देऊन घासाघीस करून घेतलेला डबा आईला दहा वर्षांनी ओळखू येतो. कवटीतलं भांडं कुणाचंच नाही. कदाचित तेच त्यांना म्हणायचं असेल. तरी मी तिथे दिपतो, रेंगाळत नाही.

रेंगाळतो तो एल अनात्सुईपाशी. जन्म घानाचा, आयुष्य नायजेरियात. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं चेचायची, दुमडायची, भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं एकमेकांना बांधायची, हजारो. लांबून शालू वाटावा असा भिंतभर पडदा होतो. हा माणूस जोड घट्ट करत नाही. तार सैल, म्हणून पडदा घडी घालून पेटीत जातो आणि दर ठिकाणी वेगळ्या चुण्या घेऊन टांगला जातो. आणि दारू का? आफ्रिकेच्या किनाऱ्यावर युरोपीय व्यापाऱ्यांनी जे आणलं त्यात दारू होती. ते झाकण रस्त्यावर पडलेलंच होतं, इतिहासासकट.

आता शीला गौडा. भद्रावतीच्या. आपल्या चंद्रपूरजवळची नव्हे, कर्नाटकातली. बंगळुरूकडे ड्रायव्हर गाडीच्या बंपरला केसांची दोरी बांधतात, दृष्ट लागू नये म्हणून. आपण लिंबू-मिरची लावतो तसंच. देवळात नवसाचे केस उतरवतात, लांब केस विगासाठी विकले जातात आणि आखूड उरलेल्यांच्या या दोऱ्या वळतात. गौडांनी 2009 मध्ये अशी चार हजार मीटर दोरी घेतली आणि तिच्यावर वीस बंपर टांगले. नेहमी दोरी बंपरवर असते, इथे बंपर दोरीवर. नवस बोललेल्या माणसांचे केस लोखंड उचलून धरताहेत. इथे जोड हाच सगळा अर्थ आहे. ती दोरी काढून नायलॉनची लावा, हाती फक्त भंगार उरेल.

वेल्डिंगबद्दल विचारणाऱ्या पोरांना माझी फजिती सांगतो. आई गेल्यावर तिच्या वाट्या मी एका सांगाड्यावर जोडायला काढल्या. हिंगण्याच्या एमआयडीसीतला वेल्डर वाटी उलटीपालटी करून म्हणाला, “नाई होत जी भाऊ. पत्रा पातळ आहे, आर्क वेल्डिंगनं भोक पडते. याले आर्गन गॅसवालं वेल्डिंग लागते.” मी शहाणा, शिल्पकलेची पदवी घेतलेला. म्हटलं, करून तर बघू. पहिल्याच ठिणगीला वाटीला भोक पडलं, तेही नेमकं आईच्या नावावर. तो काही बोलला नाही. त्यानं मशीन बंद केली आणि चहा मागवला.

ते शिल्प झालं नाही. बाकीच्या वाट्या स्वयंपाकघरात परत गेल्या, रोज वापरतो. ती एक सोबत आणलीय. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. नावातलं पहिलं अक्षर अजून वाचता येतं. भोकाच्या कडेला धार आहे, बोट सांभाळा.