एक हिरो खपतो, बाकीचे लटकलेलेच

[दृश्य: वर्धा जिल्ह्यातला आठवडी बाजार, खेळण्यांचं दुकान]

दोरीला टांगलेले हे बाहुले जरा जवळून पाहा. सगळे एकाच साच्यातले. आतून पोकळ, हात फक्त खांद्यातून फिरणारे, छातीवर दाबलं की लाल दिवा लागतो. फरक काय तो रंगाचा आणि तोंडाचा. तरी पोरगं बापाचा हात ओढतं, "मले थोच पायजे!" त्याचं बोट असतं टीव्हीवर रोज दिसणाऱ्या हिरोकडे. शेजारचा अनोळखी बाहुला पुढच्या बाजारालाही तिथेच असतो.

अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनाही हाच पेच पडला. मेगो ही सत्तरच्या दशकातली ॲक्शन फिगरची, म्हणजे हातपाय हलणाऱ्या हिरोंच्या बाहुल्यांची, मोठी कंपनी. 'स्टार वॉर्स' या अंतराळातल्या सिनेमाची खेळणी बनवायची संधी तिने नाकारली, केनर या दुसऱ्या कंपनीने घेतली. १९७७ मध्ये सिनेमा असा धावला की नाताळपर्यंत बाहुले तयारच होईनात. केनरने पुठ्ठ्याचं पाकीट विकलं, आत बाहुल्यांऐवजी कुपन. माल पुढच्या वर्षी घरपोच. आईबापांनी तेही घेतलं, कारण गोष्ट पोरांच्या डोक्यात भिनली होती.

केनरची खरी हुशारी मात्र मापात होती. १९६४ चा जी. आय. जो हा सैनिक बाहुला सुमारे ३० सेंटिमीटर उंच. केनरचे बाहुले जेमतेम १०. प्लास्टिक कमी, किंमत कमी, आणि त्यांना बसायला यानंही बनवता आली. एक घेतला की दुसरा हवासा वाटतो, मग यान हवंसं वाटतं.

पोलादी साचा महाग असतो. म्हणून १९८२ मध्ये मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने ही-मॅन या पिळदार हिरोच्या बाहुल्यांच्या मालिकेत तेच धड अनेक पात्रांना वापरलं. ही-मॅनचा वाघ तर कंपनीच्याच जुन्या बिग जिम या बाहुल्यांच्या मालिकेतला. नव्या बाहुल्यांपुढे तो अवाढव्य दिसायचा, म्हणून पाठीवर खोगीर चढवून त्याचं वाहन केलं! कार्टून आलं, विक्री चढली. १९८६ मध्ये सुमारे ४० कोटी डॉलर. पुढच्याच वर्षी ७० लाख. दुकानांत माल तुंबला होता आणि पोरांचं मन दुसरीकडे गेलं होतं.

[दृश्य: सिंदी रेल्वे, तान्हा पोळा]

आता हा लाकडी नंदी. चार चाकं, गळ्यात दोरी, शिंगांना रंग. पोळा येतो तेव्हा कपाशी शेतात उभी असते आणि खिसा रिकामा. तरी पोरं नंदी घेऊन निघतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. याला कार्टून लागत नाही. आदल्या दिवशीच, मोठ्या पोळ्याला, खरे बैल सजून तोरणाखाली उभे राहिलेले असतात. शिवाय थोरल्याचा नंदी धाकट्याकडे जातो. आपल्याला याचं कौतुक वाटतं, पण कंपनीला हे परवडत नाही. तिला दरवर्षी नवं तोंड विकायचं असतं.

परदेशी खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. म्हणजे साचा इथेच पाडणाऱ्याला मोकळं रान आहे. त्याने विदर्भातल्या गावांचा विचार जरूर करावा. पण माल आणावा तो कापूस विकला गेल्यावर, जत्रांच्या दिवसांत. आणि खोक्यात पोरांच्या ओळखीचा हिरो जास्त भरावा, त्याचे सोबती मोजकेच.