मंगला नारळीकर : चाळलेले पूर्णांक आणि दुसरीचे पुस्तक

मित्रहो, नारळीकर हे आडनाव उच्चारले की नाशिककरांना २०२१ च्या डिसेंबरात आपल्या गावी भरलेले चौऱ्याण्णवावे साहित्य संमेलन आणि त्याचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर आठवतात, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र डॉ. मंगला नारळीकर यांची ओळख आपल्याकडे ‘नारळीकरांच्या पत्नी’ अशी सुरू होते आणि फार तर ‘मुलांसाठी गणितावर लिहिणाऱ्या’ इथवर येऊन थांबते. त्यांच्या संशोधनाचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही, म्हणून आज त्यालाच अधिक वेळ देणार आहे.

माहेरच्या त्या मंगला राजवाडे. जन्म १७ मे १९४३ चा. मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला १९६४ मध्ये त्या गणितात पहिल्या आल्या, कुलपतींचे सुवर्णपदक मिळवले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाल्या. विवाहानंतर केंब्रिजला गेल्यावर १९६७ ते १९६९ या काळात त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवले. भारतात परतल्यावर १९७४ पासून त्या पुन्हा टाटा संस्थेत काम करू लागल्या, आणि वैश्लेषिक संख्या-सिद्धांतातली पीएच.डी. त्यांना १९८१ मध्ये मिळाली. मधल्या वर्षांत घर होते, तीन मुली होत्या. आपल्या पिढीच्या सुशिक्षित स्त्रियांनी घरची जबाबदारी नेहमीच स्वतःच्या कामाच्या आधी ठेवली, अशा आशयाचे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. त्या लेखनात तक्रारीचा सूर नाही, आणि आपणही त्यांच्या वतीने तो लावू नये.

आता त्या संशोधनाकडे वळू. १, २, ३, ४ अशा संख्यांच्या रांगेतून ४, ९, २५, ४९ अशा मूळ संख्यांच्या वर्गांनी भाग जाणाऱ्या सगळ्या संख्या काढून टाकल्या, तर १, २, ३, ५, ६, ७, १०, ११ अशा संख्या मागे राहतात. पहिल्या शंभरांत अशा ६१ संख्या आहेत, आणि रांग कितीही लांबवली तरी हे प्रमाण शेकडा ६१ च्या जवळपासच राहते. नेमके सांगायचे तर ते सहा भागिले पायचा वर्ग इतक्या मूल्याकडे जाते. सरासरी अशी नेटकी असली तरी प्रत्यक्ष रांगेत खिंडारे पडतात. ४८, ४९ आणि ५० या तीन सलग संख्या पाहा, तिन्ही गळतात. मग एखाद्या मोठ्या संख्येपासून पुढे किती लांबीचा पट्टा घेतला म्हणजे त्यात न गळलेली संख्या सापडेलच, याची हमी देता येईल? वर्गांच्या जागी परस्परांशी एकाखेरीज सामाईक विभाजक नसलेल्या कोणत्याही संख्यांची चाळणी लावली (व्यस्तांची बेरीज मर्यादित राहावी, एवढी एक अट आहे) तर काय होईल? एर्डोश आणि झेमेरेदी या हंगेरियन गणितींनी हा प्रश्न हाताळला होता, आणि मंगलाताईंनी गणिती के. रामचंद्र यांच्यासह त्यात भर घालणारा निबंध १९८० मध्ये ‘ॲक्टा अरिथमेटिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांच्या इतर निबंधांचे विषय हुर्विट्झ झीटा फलनाच्या वर्गाची सरासरी वगैरे आहेत; ते इथे खडू-फळ्यावाचून सांगणे मला जमणार नाही. निबंधांची संख्या मोठी नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण पदव्युत्तर पदवीनंतर इतक्या वर्षांनी, आणि तेही मध्ये खंड पडल्यावर, ज्या विषयात थोर गणिती काम करीत होते तिथे थेट प्रवेश करणे ही साधी गोष्ट नव्हे.

१९८९ ते २००२ त्यांनी पुणे विद्यापीठात आणि पुढे भास्कराचार्य प्रतिष्ठानात अध्यापन केले, मराठीत पुस्तके लिहिली. २०२३ च्या जुलैत त्यांचे निधन झाले. कापरेकरांनी देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता संख्यांवर संशोधन केले, हे ठाऊक असलेल्या नाशिककरांना शिक्षक आणि गणिती अशी दोन खाती वेगळी ठेवण्याचे कारण नाही.

शेवटी २०१९ च्या वादाविषयी. बालभारतीच्या गणित समितीच्या त्या अध्यक्ष असताना दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असे वाचनही आले, आणि मराठी बुडाली अशी ओरड झाली. अडचण खरी होती. ‘चौऱ्याण्णव’ ऐकताना चार आधी येतात, लिहिताना मात्र नऊ आधी लिहावे लागतात; शिवाय जोडाक्षरे पुरती न आलेल्या सात वर्षांच्या मुलाला हे शब्द एकेक करून पाठ करावे लागतात. कानडी आणि तेलुगूत दशक आधी उच्चारतात, त्यामुळे तिथल्या मुलांना ही उलटापालट करावी लागत नाही. लासलगावच्या लिलावात कांद्याचा भाव कोणी ‘नव्वद चार’ असा पुकारणार नाही, म्हणून जुनी नावे मुलांना आलीच पाहिजेत, असे माझेही मत आहे. आणि ओरड करणाऱ्यांपैकी कितींनी पुस्तक उघडून पाहिले कोण जाणे, कारण ती नावे पुस्तकात होतीच, नवे वाचन त्यांच्या शेजारी पर्याय म्हणून दिले होते.