वेतातलं प्रत्येक पिल्लू वेगळं तपासा

मांजर आपल्या पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. पिल्लं वाचवणारे आपणही तेच करतो. रस्त्यावरून खोक्यात, खोक्यातून कुणाच्या तरी बाल्कनीत, तिथून दवाखान्यात आणि मग दत्तक घरी. फेलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू याच फिरतीत हात-पाय पसरतो, म्हणून आज त्याच्याबद्दल बोलायचंय.

तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात माझ्याकडे एका वेताची चार पिल्लं आली. पैशांची ओढाताण होती. मी एकाचंच रक्त तपासून घेतलं, ते निगेटिव्ह आलं, आणि चौघांनाही निरोगी धरून घरं दिली. चार महिन्यांनी त्यातल्या चिंगीच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, ताप उतरेना. ल्युकेमिया पॉझिटिव्ह. त्या घरात आधीपासून एक बोका होता. दोघं एका वाडग्यात जेवायची, एकमेकांना चाटून स्वच्छ करायची. त्या ताईंना काय सांगायचं, मला सुचेना. चूक पूर्णपणे माझी होती. एका भावंडाचा निकाल दुसऱ्याचा नसतो, आईचा निकाल पिल्लांचा नसतो. चौघांचं रक्त एकत्र करून एका किटवर टाकणंही तितकंच चुकीचं.

१९६४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत विल्यम जॅरेट आणि सहकाऱ्यांना हा विषाणू सापडला. एकाच घरातल्या बऱ्याच मांजरांना लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, झालेला पाहून त्यांना संसर्गाची शंका आली होती. तो मुख्यतः लाळेतून जातो. आईच्या दुधातून जातो, गर्भातही पोहोचतो. लहान पिल्लांना तो सहज धरतो, मोठी मांजरं बऱ्याचदा त्याला परतवून लावतात. शरीराबाहेर तो फार टिकत नाही, साबणाने मरतो. आणि माणसांना किंवा कुत्र्यांना तो होत नाही, हे सोसायटीतल्या लोकांना आवर्जून सांगा.

दवाखान्यातलं किट रक्तात या विषाणूचं पी-२७ नावाचं प्रथिन शोधतं. त्यामुळे पिल्लू कितीही लहान असलं तरी तपासता येतं. त्याच किटवर बहुतेक वेळा एफआयव्हीचीही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूचीही, रेघ असते; ती मात्र विषाणू नव्हे, तर शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं दाखवते, आणि लहान पिल्लात ती आईकडून आलेली असू शकतात. ती रेघ उमटली तर पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा तपासायचं. या दोन रेघांची गल्लत झाल्याने किती पिल्लांची घरं हुकली असतील!

निगेटिव्ह आलं तरी लगेच सुटलो असं नाही. संसर्गानंतर हे प्रथिन रक्तात दिसायला महिनाभर लागू शकतो. म्हणून आल्याबरोबर एकदा तपासा, इतर मांजरांपासून वेगळं ठेवा, आणि महिना उलटल्यावर पुन्हा तपासा. आपण नेहमी देतो त्या तीन रोगांच्या लशीत ल्युकेमिया नसतो, तेव्हा लस झाली म्हणून तपासणी टाळू नका.

आता पॉझिटिव्हबद्दल. समजा, शंभर पिल्लांत एकालाच खरा संसर्ग आहे आणि किट निरोगी शंभरात एकदा चुकतं. मग दोन पॉझिटिव्ह दिसतील, त्यातलं एक निरोगी असेल. एवढ्यावर कुणाला कायमचं झोपवायचं? प्रयोगशाळेत पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, करून घ्या, काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. काही मांजरं हा विषाणू दाबूनही टाकतात. ज्यांच्यात तो जोर धरतो, त्यातली बरीच तीन वर्षांच्या आत जातात. पण तेवढे दिवस ती खेळतात, उन्हात लोळतात. त्यांना असं घर शोधा जिथे दुसरं मांजर नाही.

त्या बोक्याची चाचणी दोन्ही वेळा निगेटिव्ह आली, चिंगीची तिन्ही भावंडंही सुटली. चिंगीला मी परत आणलं. ती माझ्याकडे एकटीच, दीड वर्ष राहिली. तिची खिडकी अजून तशीच आहे.

आता डॉक्टर किट कसं वापरायचं ते दाखवतील. मागचे लोक पुढे या, रेघ फार बारीक असते.