हाव, नाई अन् मंग काय झालं

(दृश्य : वर्धा जिल्ह्यातलं एक गाव. सारवलेली ओसरी. खाटेवर नऊ वर्षांची मुलगी. चेहरा दिसत नाही. लोंबकळणारे पाय दिसतात आणि हातातला लाकडी नंदी.)

निवेदन :

लैंगिक अत्याचाराच्या तपासात लेकराला प्रश्न कसा विचारायचा, त्याची ही गोष्ट. ही मुलगी तशा कुठल्याही प्रकरणातली नाही. तिला आम्ही फक्त तान्ह्या पोळ्याबद्दल, म्हणजे लेकरांनी लाकडी बैल मिरवायच्या सणाबद्दल, विचारतोय.

“तान्ह्या पोळ्याला गेली होतीस?”
“हाव.”
“मजा आली?”
“हाव.”
“तुझ्या बैलाचं शिंग मोडलं ना?”
“हाव.”

शिंगं दोन्ही शाबूत आहेत. तुम्हाला दिसतायत.

मुलगी खोटं बोलली का? नाही. शहरातून आलेलं मोठं माणूस, मांडीवर वही, आणि प्रश्नाच्या शेवटी तो ‘ना’. अशा माणसाला गावातलं लेकरू तोंडावर ‘नाई’ म्हणत नाही. आपल्याकडचं ‘हाव’ नुसता होकार नसतोच. ‘ऐकून राहिली’, ‘बरं’, ‘झालं का तुमचं’ हे सगळं त्यात बसतं. जबाबाच्या कागदावर मात्र त्याचा एकच अर्थ उरतो.

(दृश्य : तीच ओसरी. प्रश्न विचारणारी बाई वही बाजूला ठेवते.)

“मी तिथं नव्हते, मला काहीच माहीत नाही. पहिल्यापासून सांग, काय काय झालं?”

आता ती गप्प आहे. नंदीचं चाक बोटानं फिरवतेय. हा थांबा आम्ही संकलनात कापला नाही, कारण नेमका इथंच मोठ्यांचा धीर सुटतो आणि ते पुढचा प्रश्न टाकतात.

“मायनं झूल शिवली बैलाले. लाल. मंग आमी साऱ्या पोट्ट्या मारुतीपाशी गेलो. मंग घरोघरी बोजारा मांगाले. एका घरी दहा रुपये देल्ले. तेथंच चाक निंगालं. मी रडली. मंग मामानं खिळा ठोकला.”

‘हाव’वाल्या तीन प्रश्नांतून एक खोटं मोडकं शिंग निघालं. ‘सांग’मधून झुलीचा रंगसुद्धा आला.

(दृश्य : जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं.)

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण १९८३ मध्ये सुरू झालं. बालवाडी चालवणाऱ्यांवर मुलांच्या लैंगिक अत्याचाराचा आरोप होता. शेकडो मुलांना प्रश्न विचारले गेले. कसे? ‘बाकीच्यांनी तर सांगितलं’, ‘तू हुशार आहेस ना, मग आठव’, ‘असं झालं असेल का, विचार कर’. खटला १९९० मध्ये संपला, एकालाही शिक्षा झाली नाही. मुलांचं नेमकं काय झालं होतं, हे त्या मुलाखतींमधून शोधून काढणं कुणालाच शक्य राहिलं नव्हतं.

पुढे १९९८ मध्ये संशोधक सेना गार्व्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत तपासली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात एक पाहुणा आला, गोष्ट सांगून गेला. आठवड्यानं मुलांना त्यानं न केलेल्या गोष्टींबद्दल विचारलं. नुसते सुचवणारे प्रश्न विचारले तेव्हा १७ टक्के उत्तरांत पाहुण्यावर खोटा ठपका आला. त्यात शाबासकी आणि ‘बाकीचे म्हणाले’ मिसळलं, तर ५८ टक्के. तेही पाच मिनिटांच्या आत.

हे आकडे ऐकून कुणी म्हणेल, मग पोरांवर विश्वास ठेवायचाच कशाला? संशोधन तसं म्हणत नाही. गेल गुडमन यांच्या अभ्यासांत मुलं अत्याचारासारख्या गोष्टींबद्दलच्या खोट्या सूचना बऱ्याचदा ठामपणे नाकारताना दिसली. अत्याचार झालेली अनेक मुलं तर वर्षानुवर्षं गप्प राहतात, हेही संशोधनातूनच कळलंय. विचारणाऱ्यानं आपलं उत्तर पोराच्या तोंडात घालायचं नाही, एवढाच मुद्दा आहे.

त्यासाठी मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बालआरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत १९९० च्या दशकात मुलाखतीची एक पद्धत बसवली. आधी नियम : माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हण, मी चुकले तर मला टोक. मग एखाद्या साध्या प्रसंगावर बोलण्याचा सराव. आमचा तान्हा पोळा म्हणजे तोच सराव. मूळ विषय त्यानंतर, आणि तोही ‘सांग’ आणि ‘मग काय झालं’ याच वाटेनं.

(दृश्य : कापसाचं शेत. वेचणाऱ्या बाया. धुऱ्यावर खेळणारी मुलं.)

पण ती पद्धत विदर्भात आणायची तर नुसतं भाषांतर पुरत नाही.

मघाचा ‘मामा’ घ्या. कोणता मामा? आईचा भाऊ, शेजारचा, की पिठाच्या गिरणीवरचा? गावात अर्धे पुरुष मामा नाहीतर काका असतात. तपासात हा शब्द आला की थांबून विचारावं लागतं : “तू मामा कोणाकोणाला म्हणतेस?” नाव आपण सुचवायचं नाही.

तारखेचंही तेच. फिर्यादीला दिनांक हवा असतो; लेकराजवळ असते ‘माय कापूस येचाले गेलती तवा’ ही खूण. ती तशीच लिहून घ्यावी, तारीख नंतर मोठ्यांनी लावावी. ‘किती वेळा?’ याला मूल कुठलाही आकडा सांगतं. ‘एकदा की एकापेक्षा जास्त वेळा?’ असं विचारून, जास्त असेल तर ‘शेवटच्या वेळचं सांग’ म्हटलेलं बरं. आणि मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल असेल, तर आधी दुभाषी.

(दृश्य : पोलीस ठाण्याची पायरी. आत कुणी जात नाही.)

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि कागदावर तो बराच शहाणा आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेश न घालता घ्यायचा. मुलाच्या विश्वासातलं माणूस सोबत. लागेल तिथं दुभाषी, जमेल तिथं ध्वनिचित्रमुद्रण. कोर्टात वकिलानं मुलाला थेट विचारायचं नाही. प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातो.

प्रत्यक्षात साध्या कपड्यातली बाई खासगी गाडीतून उतरली, तरी चौकातल्या पानठेल्यावर कळतंच. आणि ती येईपर्यंत मूल चार ठिकाणी बोलून बसलेलं असतं. मायनं विचारलं, आजीनं विचारलं, शाळेतल्या मॅडमनं विचारलं, पोलीस पाटलानं विचारलं. तोच प्रश्न पुन्हा आला की मुलाला वाटतं, मघाचं उत्तर चुकलं. मग ते बदलतं. पुढे उलटतपासणीत त्या बदलावरच बोट ठेवलं जातं. म्हणून लेकरू आपणहून बोललं तर खोदायचं नाही. त्याचेच शब्द, आणि आपण काही विचारलं असेल तर तेही, कागदावर उतरवायचं आणि पोलिसांना किंवा मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकावर कळवायचं. कळवणं कायद्यानं बंधनकारकच आहे.

एक खटकणारी गोष्ट राहिली. जबाबातली मराठी. ‘सदर इसमाने मला एकटी पाहून…’ नऊ वर्षांची कोणती पोरगी ‘सदर इसम’ म्हणते? न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब मूल बोललं तसाच नोंदवावा, असं पोक्सोच्या २५ व्या कलमात आहे. पोलिसांच्या कागदावर तिचं ‘मले’ ‘मला’ झालं तर एक वेळ चालेल. पण तिच्याजवळ अवयवासाठी जो शब्द आहे तो बदलून पुस्तकी शब्द आला, की ते तिचं बोलणं राहत नाही.

(दृश्य : पुन्हा ओसरी. संध्याकाळ. चुलीचा धूर.)

निघताना आमच्या बाईंनी तिला नियम सांगितला : “मी चुकीचं बोलले तर मला टोकायचं.” मग तोच शिंगाचा प्रश्न पुन्हा टाकला.

“तुझ्या बैलाचं शिंग मोडलं ना?”

“नाई. चाक निंगालतं. मंगाच सांगतलं न तुमाले.”