न घडलेल्या धडकांची चाचणी

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर रेखाटलेला रस्ता, कडेला उभ्या गाड्या)

ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी येतेय, समोर अडथळा दिसला की आपोआप ब्रेक लावणारी. कडेला उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या फटीतून एक मूल रस्त्यावर येतं. धडकेला उरलेत 1.2 सेकंद. अंतर, 16.7 मीटर.

रस्ता कोरडा असेल आणि ब्रेक करकचून लागले, तर गाडी थांबायला पावणेअकरा मीटर पुरतात. हाताशी उरले सहा मीटर, म्हणजे 0.4 सेकंद. तेवढ्यात कॅमेऱ्याने आणि रडारने मूल ओळखायचं, गाडीतल्या संगणकाने निर्णय घ्यायचा आणि ब्रेकच्या तेलाला दाब चढायचा. जमलं, तर गाडी मुलाच्या अलीकडे चाळीसेक सेंटिमीटरवर थांबते.

आता फक्त रस्ता ओला करू. पकड जवळपास निम्म्यावर आली. वेग तोच, ओळखायला लागलेला वेळही तोच. पण या वेळी धडक होते, ताशी सुमारे 33 किलोमीटर वेगाने.

पडद्यावर हे करायला एक आकडा बदलला, बस्स. चाचणीच्या मैदानावर हेच करायचं तर पाणी सोडा, फोमचा पुतळा पुन्हा उभा करा, गाडी आरंभरेषेवर न्या, टायर आणि ब्रेक थंड होईपर्यंत थांबा.

(दृश्य: चाचणीचं मैदान, पाय हलवत सरकणारा पुतळा)

मैदान टाळता येत नाही, हेही खरं. युरो एनकॅप ही संस्था 2014 पासून गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देताना स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक तपासते. 2016 पासून त्यात पादचारीही आले. पण तिथले प्रसंग ठरलेले असतात. ठरलेल्या प्रश्नांची तयारी कोणीही करून येईल! मावळतीचं ऊन थेट कॅमेऱ्यात, छत्रीआड झाकलेला माणूस, सायकल ढकलत निघालेली बाई, हे सगळं एकेक करून मैदानावर उभं करायला आयुष्य पुरायचं नाही.

(दृश्य: प्रयोगशाळेतलं टेबल, वायरींचं जंजाळ)

टेबलावरचा हा डबा म्हणजे खऱ्या गाडीतला खरा नियंत्रक, ब्रेक कधी लावायचा ते ठरवणारा. त्याच्या वायरींमधून येणारी गाडी, मूल, रस्ता मात्र सगळं खोटं. डब्याला त्याचा पत्ता नाही. तो ब्रेकचा हुकूम सोडतो, संगणक त्या हुकमाप्रमाणे गाडीचा वेग कमी करतो आणि पुढचं चित्र लगेच डब्याला दाखवतो. हा फेरा एका सेकंदात साधारण हजार वेळा होतो. जरा उशीर झाला की चाचणी बाद.

गाडी थांबते का, हा अर्धाच प्रश्न झाला. उगाच थांबते का, हा उरलेला अर्धा, आणि माझ्या मते जास्त चिवट. रस्त्यावर अंथरलेला लोखंडी पत्रा रडारला अडथळ्यासारखा दिसू शकतो. अशा वेळी मोकळ्या महामार्गावर गाडीने अचानक ब्रेक मारला, तर मागून येणाऱ्याचं काय? अमेरिकेने 2024 मध्ये केलेल्या नियमात म्हणूनच असा पत्रा ओलांडून दाखवायची वेगळी चाचणी आहे. यंत्रणा घाबरट केली की मुलं वाचतात, पण पत्र्यालाही ब्रेक लागतो. धीट केली की उलट. हा तोल सापडेपर्यंत तेच प्रसंग हजारो वेळा फिरवावे लागतात, आणि ते काम मैदानाचं नव्हे.

(दृश्य: आलेखावर दोन रेषा, एक मैदानाची, एक संगणकाची)

पण संगणकातलं ऊन फार स्वच्छ असतं. काचेवर धूळ नाही, रडारच्या लहरी कठड्यावर आपटून भलतीकडून परत येत नाहीत. म्हणून काही प्रसंग दोन्हीकडे घडवतात आणि वेगाचे आलेख एकमेकांवर ठेवतात. रेषा जुळल्या, तर त्या जातीच्या प्रसंगांत संगणकावर भिस्त ठेवता येते. इथे पाहा, ब्रेक लागताना मैदानाची रेषा किंचित उशिरा वळलीय. दाब चढायला लागणारा वेळ संगणकात कमी धरला होता. तो आकडा आता दुरुस्त होईल, आणि त्याच्या भरवशावर उत्तीर्ण ठरलेले सगळे प्रसंग आज रात्री पुन्हा चालवले जातील.