कच्चं खायचं पान, ज्या त्या ऋतूचं

नमस्कार श्रोतेहो. थंडीत आमच्या घरी भाकरीसोबत घोळाणा असतोच. करडईची कोवळी पानं, मेथी आणि कांद्याची पात बारीक चिरायची, वर दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि कच्चं तेल. सॅलड हा शब्द घरात येण्याआधीपासून आम्ही सॅलडच खात होतो म्हणायचं!

लेट्युस मात्र मी हौसेनं लावला, तोही ऐन एप्रिलात. पंधरा दिवस झाले तरी एक कोंब दिसेना. जुनं बी गळ्यात मारलं म्हणून दुकानदारावर चरफडलो. खोट बियाण्यात नव्हतीच. माती तिशीपार तापली की लेट्युसचं बी झोपून राहतं. त्याच पुडीतलं उरलेलं बी दिवाळीनंतर टाकलं, तर आठवड्याच्या आत वाफ्यावर पोपटी ठिपके! हे बी वरवर भुरभुरायचं, खोल पुरायचं नाही. त्याला उजेड लागतो. दीड महिन्यात पानं खुडायला येतात. बाहेरची तेवढी तोडा, मधला गाभा राहू द्या, म्हणजे तेच रोप पुन्हा पुन्हा पानं देतं. ऊन वाढलं की रोप मधूनच उंच चढायला लागतं. पान तोडून पाहा, देठातून पांढरा चीक येतो. ते पान आता कडू. पाणी घालत बसू नका, उपटून टाका.

उन्हाळ्यात मी घोळीवर भिस्त ठेवतो. वाफ्यात आपणहून उगवते, आपण तण म्हणून फेकतो. पाण्याचा ताण पडला की ती रात्रीतून आंबट होते. म्हणून सकाळी खुडलेली घोळ आंबट आणि संध्याकाळची सौम्य लागते. दह्यात घालायची तर सकाळचीच.

पावसाळा खरा अवघड. वाफा सपाट असेल तर पानं सडतात, म्हणून गादीवाफा हवा. नाहीतर मुंबईच्या बाजारात समुद्रमेथीच्या इवल्या जुड्या मिळतात ना, तसं करा. भोकं पाडलेल्या जुन्या घमेल्यात वाळू भरून वळचणीखाली मेथीदाणे पेरा. दोन बोटं उंच झाली की मुळासकट उपटायची आणि वाळू जाईपर्यंत तीनतीनदा धुवायची.

आणि गोगलगायी? त्या रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात. आमच्याकडे ते काम नातवाकडे आहे, मोजून पैसे घेतो.